मोड

तांबट आळीत आमच्या दुकानावर पाटी होती :
'जुनी मोड घेतली जाईल.'
गळकी घागर, चेपलेला तांब्या, कान तुटलेलं पातेलं.
वडील तराजूत टाकायचे
आणि न विचारता ओळखायचे कुठल्या घरचं.

कधी देवळालीकडून बारकू यायचा,
सायकलला गोणी, गोणीवर गवत.
गवताखाली पितळेची नळकांडी,
तोफांच्या सरावात रिकामी झालेली.
'रिकामंय ना?' वडील तीनदा विचारायचे.
तीनदा हो म्हटलं
तरी एक डोळा मिटून दुसरा तोंडाशी लावायचे.
शेजारचे हसायचे : रंगनाथ तांबट तोफ हुंगतोय!

पुढे मी तेच काम केलं. बावीस वर्षं.
गावाचं नाव सांगायचं नाही, असं लिहून दिलंय.
थंडी होती. मुखवट्याच्या काचेवर
आपल्याच श्वासाचं धुकं,
आणि फळ्यांवर ओळीने
विषारी वायूचे गोळे, गंजलेले,
माझ्या आईच्या वयाचे.
आम्ही मोजायचो, नंबर लिहायचो,
तारेचं सील दाबायचो.
बाकीचं भट्टी करायची.

त्याआधी चौदा वर्षं एका सभागृहात
माणसं एका स्वल्पविरामावर बसून होती.
तहाच्या प्रत्येक पानाला
तहकूब चिकटलेलं.
अकराव्या कलमावर तर
एक म्हातारे वकील
झोपेतही बोटाने खाडाखोड करत, म्हणे.
मला ते ऐकून मखमलाबादचे शेजारी आठवायचे,
द्राक्षाचं कलम बांधून
रोज सकाळी जाऊन बघणारे : धरलं का?
पट्टी सोडायची घाई केली की गेलं.

एका शेडमध्ये कागदावर सहा हजार चारशे तेरा.
आम्ही मोजले, बारा.
पुन्हा मोजले, बारा.
नऊ दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही.
दहाव्या दिवशी पहारेकऱ्याने
मान खाली घालून घरी नेलं.
स्वयंपाकघराच्या खिडकीत तो तेरावा,
कधीच न भरलेला, नुसता कवच,
आणि त्याच्या तोंडावर बसवलेला एक कांदा
वीतभर हिरवा.
ती मोड. हा मोड.
मला हसू आलं; का, ते
दुभाष्याला सांगता येईना.

नियमाप्रमाणे तोही कापला.
बायकोने कांदा वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला
आणि आमच्याकडे बघितलंही नाही.

आता मी देवळालीतच राहते.
सराव असला की काचेच्या बरण्या
फडताळात एकमेकींना लागतात.
भाचा ओझरला आहे, विमानाच्या पंखांवर.
'आत्या, तू मोडायचीस, मी जोडतो,'
म्हणतो, आणि माझ्याच हातचा दुसरा लाडू घेतो.
उत्तर मला येतं. देत नाही.
त्याचा हातही चांगला आहे, आजोबांसारखा.

परवा जुन्या सोबतिणीचा फोन :
एका देशाने पत्र पाठवलंय, बाहेर पडतो म्हणून.
तीन महिन्यांची मुदत.
'मग आपण काय केलं गं?'
मी म्हटलं, सहा हजार चारशे तेरा.
ती बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, 'बारा.'
'तेरा,' मी म्हटलं. 'कांद्याचा धर.'

तोफेच्या पितळेची वडील
ना घंटा करायचे, ना समई.
फक्त मापं. चिपटं, मापटं, शेर.
'ज्याने मोजलं नाही,' म्हणायचे,
'त्याने आता जन्मभर मोजत बसावं.'
एक चिपटं माझ्याकडे आहे.
रोज त्यानेच तांदूळ घेते.
बाहेर धडधड सुरू होते,
काठावरचे दाणे हलतात,
मी बोटाने सपाट करते,
आणि किती झालं ते विसरून
पुन्हा पहिल्यापासून.